अस्वस्थतेचे लेबल आणि समीक्षेची शरणागती

१

युरोप-अमेरिकेतील भूमिगत चित्रपटाचा इतिहास बराचसा पोलिसांच्या दप्तरांतून आणि न्यायालयांच्या निकालपत्रांतून शोधावा लागतो. जॅक स्मिथ यांचा 'फ्लेमिंग क्रीचर्स' (१९६३) दाखविल्याबद्दल जोनास मेकास यांना मार्च १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे अटक झाली. त्याच महिन्यात झाँ जने यांचा 'अं शां दामूर' (१९५०) हा तुरुंगातील समलिंगी वासनेचे चित्रण करणारा मूक लघुपट दाखविल्यावरून त्यांना पुन्हा पकडण्यात आले. जने यांचा तोच लघुपट पुढे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या शिक्क्यानिशी डीव्हीडीच्या रूपाने कोणालाही विकत घेता येऊ लागला. स्टॅन ब्रॅकेज यांच्या सव्वीस चित्रपटांचा संग्रह क्रायटेरियन या संस्थेने २००३ मध्ये काढला आणि २०१० मध्ये त्याचा दुसरा खंड आला. यान श्वांकमायर यांचे लघुपट २००७ मध्ये तीन तबकड्यांत एकत्र झाले. व्हिएन्नामधील 'इंडेक्स' या मालिकेने कुर्त क्रेन यांचे साठोत्तरी कृतिचित्रपट घरच्या पडद्यावर आणले. ज्या चित्रांसाठी एके काळी तळघरातील सभागृह गाठावे लागे आणि प्रसंगी न्यायालयाची पायरी चढावी लागे, ती आता पुस्तकांच्या फडताळात मांडली जातात.

या स्थित्यंतराचे स्वागत समीक्षेने दोन शब्दांनी केले. पहिला शब्द 'मुक्ती' आणि दुसरा 'विचलित करणारे'. पहिल्या शब्दाने असे सुचविले की, राज्यसंस्थेच्या आणि दुर्मिळतेच्या तावडीत सापडलेल्या कलाकृती अखेर मोकळ्या झाल्या. दुसऱ्या शब्दाने त्या मोकळ्या झालेल्या कलाकृतींना ताबडतोब एका कप्प्यात बंद केले. वेष्टनावरील मजकूर, परिचयपर लेख, विद्यापीठीय निबंध आणि चर्चासत्रांतील व्याख्याने या सर्वांतून हा शब्द आता इतक्या सहजतेने वावरतो की, तो वर्णन आहे, मूल्यविधान आहे की जाहिरात आहे, हा प्रश्नही कोणाला पडेनासा झाला आहे. प्रस्तुत लेखाचा रोख या प्रश्नावर आहे. 'विचलित करणारे' ही कोटी समीक्षेने स्वतः घडविलेली नाही. ती नियंत्रकाकडून विक्रेत्याकडे आणि विक्रेत्याकडून समीक्षकाकडे आलेली उसनवारी आहे. ही उसनवारी स्वीकारताना समीक्षेने आपले मूळ काम, म्हणजे कलाकृतीच्या घाटाचा विचार, सोडून दिले आहे.

२

या उसनवारीचा उगम प्रथम पाहू. ब्रिटनमध्ये १९८४ साली जो 'व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज अ‍ॅक्ट' संमत झाला, त्यात प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेवर एक विशेष जबाबदारी टाकण्यात आली. संबंधित कृती घरात पाहिली जाण्याची शक्यता तिने खास विचारात घ्यावी, असे कायद्यातच नमूद करण्यात आले. चित्रपटगृहाला जो न्याय, त्याहून निराळा न्याय घराला. वरवर पाहता ही लहान मुलांच्या हिताची तरतूद आहे आणि त्या हेतूविषयी येथे वाद नाही. तथापि तिच्या मुळाशी एक सौंदर्यशास्त्रीय गृहीतक दडलेले आहे. कलाकृतीचा परिणाम हा तिच्यात द्रव्यासारखा साठविलेला असतो आणि ती जेथे उघडली जाईल तेथे तो बाहेर पडतो, हे ते गृहीतक होय.

या गृहीतकाची खरी कसोटी निजेल विंग्रोव्ह यांच्या 'व्हिजन्स ऑफ एक्स्टसी' (१९८९) या सुमारे अठरा मिनिटांच्या लघुपटाने पाहिली. आव्हिला येथील संत तेरेसा हिच्या दिव्यदर्शनांचे कामुक प्रतिमांतून चित्रण करणाऱ्या या कृतीला ब्रिटिश प्रमाणन मंडळाने व्हिडिओसाठी प्रमाणपत्र नाकारले. कारण दिले ते ईश्वरनिंदेच्या कायद्याचे. अपील समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी तोच निर्णय कायम केला. प्रकरण स्ट्रासबुर्ग येथील मानवी हक्क न्यायालयात गेले आणि तेथेही २५ नोव्हेंबर १९९६ रोजी सात विरुद्ध दोन अशा बहुमताने ब्रिटनची बाजू उचलून धरण्यात आली. लहान आणि प्रायोगिक चित्रपटाचा प्रेक्षकवर्ग मुळातच मर्यादित असतो, असा विंग्रोव्ह यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाचे उत्तर असे की, व्हिडिओचे स्वरूपच असे आहे की एकदा तो बाजारात आला की त्याच्या प्रती निघतात, तो उसना दिला जातो, भाड्याने जातो, घरोघरी पाहिला जातो आणि मग तो कोणाच्याच ताब्यात राहत नाही. २००८ मध्ये इंग्लंडमधील ईश्वरनिंदेचा गुन्हा कायद्याने रद्द झाला. २०१२ मध्ये हाच लघुपट, त्याला कात्री न लावता, प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रासह प्रसिद्ध झाला.

तेवीस वर्षांत त्या लघुपटातील एक चौकटही बदललेली नव्हती. बदलला तो कायदा, आणि त्यामागचा समाजही. म्हणजे ज्याला कृतीत साठलेला धोका समजले गेले, तो कृती आणि तिच्याभोवतीच्या संकेतव्यवस्था यांच्यातील संबंध होता. इतके असूनही एक गोष्ट नियंत्रकांच्या पदरात टाकली पाहिजे. इंग्रजी ईश्वरनिंदेच्या कायद्यात विषयापेक्षा हाताळणीच्या पद्धतीला महत्त्व होते. त्यामुळे मंडळाला, वाकड्या वाटेने का होईना, 'हे कसे दाखविले आहे?' असा प्रश्न विचारावा लागला. मंडळाचे उत्तर चुकीचे असेल. परंतु प्रश्न समीक्षेचा होता. आजचा समीक्षक वेष्टनावरील विशेषण उतरवून घेताना तेवढाही प्रश्न विचारीत नाही.

हे केवळ परक्या भूमीवरचे प्रकरण आहे असे समजण्याचे कारण नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'चार शहर एक कहाणी' (१९६८) या लघुपटातील मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून जो खटला उभा राहिला, त्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये चित्रपटाचे पूर्वपरीक्षण वैध ठरविले. त्यासाठी दिलेल्या कारणांत चित्रपट अन्य कलांपेक्षा भावना अधिक तीव्रतेने चाळवतो हे एक प्रमुख कारण होते. अब्बास यांचा लघुपट भूमिगत नव्हता, आणि त्याचा विषय चार महानगरांतील वैभव व दैन्य यांच्या विरोधाचा होता. तरीही त्याच्यावर लावला गेलेला सिद्धांत तोच होता: माध्यम म्हणजे भावनेला धक्का देणारे यंत्र. माध्यमाची शक्ती मान्य करणारे हे विधान वरवर चित्रपटाचा गौरव वाटते. प्रत्यक्षात ते चित्रपटाला कला म्हणून वाचण्याची जबाबदारीच नाहीशी करते. यंत्राचा धक्का मोजायचा असतो. त्याचा अर्थ लावायचा नसतो.

३

नियंत्रक आणि विक्रेता हे परस्परांचे शत्रू आहेत, अशी एक भाबडी समजूत चित्रपटविषयक लेखनात रूढ आहे. वस्तुतः दोघांचा कलासिद्धांत एकच आहे. 'ही कृती तुम्हांला हादरवील, म्हणून ती पाहू नका' असे नियंत्रक म्हणतो. 'ही कृती तुम्हांला हादरवील, म्हणून ती विकत घ्या' असे विक्रेता म्हणतो. विधानाचा पूर्वार्ध दोघांनी समान मानलेला आहे. एके काळी बंदी घातली गेली होती, ही नोंद वेष्टनावर प्रशस्तिपत्रासारखी छापली जाते, यातच या गुप्त सहकार्याची कबुली आहे. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४९ मध्ये ज्याला परिणामदोष म्हटले, त्या दोषाचे हे घाऊक व्यापारीकरण होय. कविता म्हणजे काय आणि कविता काय घडविते, या दोन प्रश्नांची गल्लत केली की कविताच दिसेनाशी होते, हा त्यांचा इशारा मराठी समीक्षेने एका पिढीपूर्वी आत्मसात केला होता. चित्रपटाची वेळ आली तेव्हा तो सोयीस्करपणे विसरला गेला.

ही गल्लत किती महाग पडते हे दोन लघुपट शेजारी ठेवले असता स्पष्ट होते. ब्रॅकेज यांचा 'द अ‍ॅक्ट ऑफ सीइंग विथ वन्स ओन आइज' (१९७१) हा बत्तीस मिनिटांचा मूकपट पिट्सबर्ग येथील शवागारात चित्रित झालेला आहे. नाचो सेर्दा या स्पॅनिश दिग्दर्शकाचा 'आफ्टरमाथ' (१९९४) हाही सुमारे अर्ध्या तासाचा, संवादविरहित आणि शवागारात घडणारा लघुपट आहे. दोन्ही घरगुती आवृत्त्यांतून उपलब्ध झाले. 'विचलित करणारे लघुपट' अशा याद्यांत ते एकाच ओळीत येऊ शकतात, कारण विषय, स्थळ, लांबी आणि शब्दांचा अभाव या सर्व बाबतींत त्यांत साम्य आहे. प्रेक्षकाची मळमळ मोजण्याचे एखादे उपकरण असते, तर कदाचित त्याचे आकडेही जवळपास आले असते.

आणि तरीही या दोन कृतींमध्ये कोणतेही नाते नाही. सेर्दा यांच्या लघुपटातील प्रेत कृत्रिम आहे आणि कृत्य हे विटंबनेचे आहे. रात्रीच्या एकांतात एक कर्मचारी एका स्त्रीच्या शवाशी जे करतो, ते कॅमेरा स्थिर, चकचकीत आणि काटेकोर चौकटींतून दाखवितो. प्रेक्षकाला साक्षीदाराच्या आणि चोरून पाहणाऱ्याच्या दुहेरी भूमिकेत बसविणे हा त्याचा हेतू आहे आणि तो त्यात यशस्वीही होतो. ब्रॅकेज यांच्या चित्रपटातील प्रेत खरे आहे आणि कृत्य नित्याचे आहे. डॉक्टरांचे हात अवयव उचलतात, मोजमाप घेतात, छेद देतात; कवटीवरील त्वचा चेहऱ्यावर ओढली जाते; देह हळूहळू रंग आणि पोत यांच्या प्रदेशात रूपांतरित होतो. शेवटी एक डॉक्टर ध्वनिमुद्रकात आपली निरीक्षणे बोलत असल्याचे दिसते आणि ते बोलणे प्रेक्षकाला ऐकू येत नाही. पाहिलेल्याचे शब्दांत रूपांतर होत असतानाच शब्द नाकारले जातात. 'ऑटॉप्सी' या संज्ञेमागील ग्रीक शब्दाचा अर्थ 'स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे' असा आहे, आणि शीर्षक म्हणजे त्या अर्थाचे सरळ भाषांतर आहे. मराठीतील 'शवविच्छेदन' हा शब्द शवाकडे बोट दाखवितो. ब्रॅकेज यांचे शीर्षक पाहणाऱ्याकडे दाखविते. या फरकात त्या चित्रपटाचा संपूर्ण नैतिक व्यूह सामावलेला आहे.

भारतीय रसविचारानेही हा फरक करण्याची साधने दिलेली आहेत. भरताने बीभत्साचा एकच ढीग केलेला नाही. क्षोभज, शुद्ध आणि उद्वेगी असे भेद त्याने सांगितले. रक्तादिकांच्या दर्शनाने होणारा क्षोभ आणि कृमी-विष्ठादिकांनी येणारा उद्वेग त्याने वेगळे मानले. 'मालतीमाधवा'च्या पाचव्या अंकातील स्मशान बीभत्साचे उदाहरण म्हणून शतकानुशतके चर्चिले गेले, ते वाचकाला किळस येते म्हणून नाही. ती किळस नाटकाच्या रचनेत काय कार्य करते म्हणून. रससिद्धांत हा परिणामवादच आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु त्या सिद्धांतात रसाची निष्पत्ती विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून होते. म्हणजे घाटाच्या विश्लेषणाशिवाय रसाविषयी बोलताच येत नाही. 'विचलित करणारे' या लेबलात विभावही नाही आणि संयोगही नाही. केवळ जुगुप्सा आहे आणि तिची किंमत आहे.

४

या ठिकाणी तिसरा पक्ष पुढे येतो आणि त्याचा विचार अधिक आदराने केला पाहिजे. हा पक्ष शुद्धतावाद्यांचा. पेटर कुबेल्का यांनी आपल्या चित्रपटांचे व्हिडिओ वा अंकीय माध्यमात रूपांतर करण्यास सातत्याने नकार दिला. 'आर्नुल्फ राइनर' (१९६०) या त्यांच्या कृतीत काळ्या आणि पांढऱ्या चौकटी, ध्वनी आणि निःशब्दता याखेरीज काहीही नाही. जेथे प्रक्षेपकाचा प्रकाश आणि त्याचा खंड हीच संपूर्ण सामग्री आहे, तेथे माध्यम बदलणे म्हणजे कृती बदलणे, हे कुबेल्कांचे म्हणणे निर्विवाद आहे. मात्र त्यांचे अनुयायी या विशिष्ट सत्याचा सार्वत्रिक नियम करतात. घर हे भूमिगत चित्रपटाचे मरणस्थान आहे, काळोख्या सभागृहातील सामूहिक अनुभवाविना या कृती केवळ अवशेष ठरतात, असे ते सांगतात.

या भूमिकेला अभिनवगुप्ताचे बळ मिळू शकते, ही गोष्ट तिच्या समर्थकांच्या सहसा लक्षात आलेली नाही. रसास्वादाच्या सात विघ्नांपैकी एक विघ्न म्हणजे प्रेक्षकाने आपल्याच सुखदुःखांच्या अधीन असणे. त्याच्या निवारणासाठी वाद्य, गान आणि नाट्यमंडपाची सजावट यांची योजना असते, असे अभिनवगुप्त सांगतो. मंडप ही केवळ सोय नव्हे; ती प्रेक्षकाला त्याच्या खासगीपणातून बाहेर काढणारी यंत्रणा आहे. घरातील पडद्याला असा मंडप नाही. तेथे दाराची घंटा वाजते, दूध उतू जाते, आणि शवागारातील देहाकडे पाहता पाहता हात रिमोटकडे जातो. शुद्धतावाद्यांची बाजू याहून समर्थपणे मांडता येणार नाही.

आणि तरीही इतिहास त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. ब्रॅकेज यांनी १९६४ पासून आठ मिलिमीटरच्या फितीवर 'साँग्ज' ही मालिका केली. अशा फिती सामान्य माणसाला विकत घेता याव्यात आणि कवितासंग्रहाप्रमाणे घरी ठेवून पुनःपुन्हा पाहता याव्यात, ही त्यांची धारणा होती. तबकडीचा संग्रह प्रसिद्ध होण्याच्या सुमारे तीन महिने आधी, मार्च २००३ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्या प्रकल्पाला त्यांची संमती होती. जने यांच्या लघुपटाच्या प्रती तर आरंभी खासगी संग्राहकांना विकण्यात आल्या होत्या. म्हणजे भूमिगत चित्रपट आणि खासगी घर यांचा संबंध व्हिडिओने जोडलेला नाही. तो पूर्वीपासून होता. सभागृहाला एकमेव मूलस्थान मानणे ही स्मरणरंजनातून निर्माण झालेली पुराणकथा आहे.

खरा प्रश्न घर की सभागृह हा नाही. प्रेक्षकाला मिळालेल्या नव्या सत्तेचा आहे, आणि ती सत्ता म्हणजे थांबविण्याची सत्ता. लॉरा मल्व्ही यांनी २००६ मधील आपल्या ग्रंथात अशा थांबविलेल्या चित्रपटातून दोन प्रकारचे प्रेक्षक निर्माण होतात असे दाखविले: एक चिंतनशील आणि दुसरा स्वामित्व गाजविणारा. ही मांडणी सामान्य चित्रपटापेक्षा भूमिगत लघुपटाला अधिक जिव्हारी लागू पडते. कुर्त क्रेन यांचा '६/६४ मामा उंड पापा' (१९६४) हे त्याचे निर्णायक उदाहरण आहे. ओटो म्यूल यांच्या एका कृतीचे, म्हणजे अन्नपदार्थ, द्रव आणि नग्न देह यांच्या विधिवत सरमिसळीचे, चित्रण क्रेन यांनी केले. परंतु संकलनात त्यांनी ती कृती अतिशय अल्पजीवी तुकड्यांत फोडली. डोळा एखादी प्रतिमा धरू पाहतो तोच ती नाहीशी होते, पुन्हा येते, पुन्हा तुटते. म्यूल या रूपावर नाराज होते आणि पुढे त्यांनी स्वतःच चित्रपट करावयास घेतले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. त्यांना दस्तऐवज हवा होता. क्रेन यांनी दस्तऐवज नाकारला होता. म्यूल यांना १९९१ मध्ये त्यांच्या वसाहतीतील अल्पवयीनांच्या लैंगिक शोषणाबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर तर क्रेन यांचा हा नकार केवळ रूपवादी खेळ म्हणून पाहता येत नाही. एका स्वयंघोषित मुक्तिदात्याचा देहावरील ताबा आणि पाहणाऱ्याचा त्या देहावरील ताबा, या दोहोंना क्रेन यांच्या संकलनाने खीळ घातली होती.

आता घरगुती तबकडीवर तीच चित्रमालिका एका बोटाने थांबविता येते. जी प्रतिमा क्रेन यांनी पडद्यावर टिकू दिली नाही, ती दिवाणखान्यात हवी तितका वेळ ठाण मांडून बसते. संशोधकाला चौकटी मोजण्यासाठी ही सोय अनमोल आहे. तिच्याविना क्रेन यांच्या संकलनाचे गणित उलगडणे कठीण झाले असते. परंतु ज्या क्षणी चौकट थांबते, त्या क्षणी प्रेक्षकासमोर क्रेन यांची कृती उरत नाही. म्यूल यांची उरते. ब्रॅकेज यांच्या बाबतीत उलट घडते. तेथे बत्तीस मिनिटांचा अखंड, निःशब्द काल हाच पाहण्याचा करार असतो. मान वळविण्याचे स्वातंत्र्य प्रेक्षकाला असते, मृताला पुढच्या खोलीत पाठविण्याचे नसते. रिमोटने तो करार मोडतो. एकच कळ एका कृतीत प्रतिमेचा हावरट संचय करते आणि दुसऱ्या कृतीत पळवाट होते. 'विचलित करणारे' या एका विशेषणाने या दोन विरुद्ध घटनांचे वर्णन कसे होणार?

५

म्हणून प्रश्न पाठाचा आहे, आणि मराठीच्या अभ्यासकांना तरी तो अपरिचित असू नये. ज्ञानेश्वरीची प्रत हाती आली की ती कोणत्या परंपरेतील, संपादक कोण, ओव्यांची संख्या किती, पाठभेद कोणते, हे विचारल्याशिवाय जो विद्यार्थी पुढे जात नाही, तोच विद्यार्थी तबकडी हाती आली की तिलाच मूळ कृती समजतो. घरगुती प्रकाशन ही आवृत्ती आहे. तिला संपादक आहे, क्रम आहे, प्रस्तावना आहे, परिशिष्ट आहे आणि पाठभेदही आहेत. 'अं शिएँ आंदालू' (१९२९) मुळात मूकपट होता. प्रदर्शनाच्या वेळी तबकड्यांवरून संगीत वाजविले जाई. आज बहुतेकांच्या परिचयाची आहे ती १९६० मध्ये बुन्युएल यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेली, वाग्नर आणि टँगो यांची ध्वनिपट्टी जोडलेली प्रत. प्रक्षेपणाचा वेग बदलला की तोच चित्रपट सुमारे सोळा मिनिटांचा होतो किंवा एकवीस मिनिटांचा. डोळ्यावरून फिरणाऱ्या वस्तऱ्याची शहारे आणणारी कीर्ती सांगणाऱ्या किती लेखांत आपण कोणती प्रत पाहिली याची नोंद असते?

याहून गंभीर उदाहरण जॉर्ज फ्रांजू यांच्या 'ल सां दे बेत' (१९४९) या लघुपटाचे आहे. पॅरिसच्या कत्तलखान्यांवरील ही बावीस मिनिटांची कृती २००४ मध्ये क्रायटेरियनच्या तबकडीवर आली, ती फ्रांजू यांच्याच 'लेझ्यू साँ व्हिझाज' या पूर्ण लांबीच्या भयपटाची पुरवणी म्हणून. ज्या कृतीने माहितीपटाची भाषा बदलली, ती भयपटाचे परिशिष्ट झाली. या मांडणीतून वाचनाची दिशा ठरते. भयपटातील शस्त्रक्रियेनंतर कत्तलखाना पाहणारा प्रेक्षक त्यात भयच शोधणार. परंतु हा लघुपट भय निर्माण करण्यासाठी केलेला नाही. झाँ पँलव्हे यांनी लिहिलेल्या निवेदनात खाटिकांची नावे घेऊन ओळख करून दिली जाते, त्यांच्या हत्यारांची माहिती शांतपणे सांगितली जाते, त्यांच्या कामातील अपघातांचा उल्लेख येतो. पॅरिसच्या जेवणाच्या टेबलामागे असलेले श्रम आणि मरण तो नावानिशी समोर आणतो. 'विचलित करणारे' हे लेबल नेमकी ती नावे पुसून टाकते. प्रेक्षकाच्या पोटात काय झाले, हे सांगण्याच्या भरात पडद्यावरील माणसाचे काय झाले, हे सांगायचे राहून जाते.

या लेबलाचा खरा अपराध हाच आहे. पिट्सबर्गच्या शवागारातील मृतांना कोणी विचारले नव्हते. पॅरिसच्या कामगारांचे आयुष्य तो कत्तलखाना होता. व्हिएन्नातील देह कोणाच्या तरी अधीन होते. या सर्वांचे कलेत रूपांतर करणाऱ्या दिग्दर्शकांनी काय केले, ते करण्याचा त्यांना अधिकार होता का, आणि घाटाच्या द्वारे त्यांनी त्या अधिकाराची किंमत चुकविली का, हे प्रश्न समीक्षेचे आहेत. लेबल हे तीनही प्रश्न पुसून एकच प्रश्न ठेवते: ग्राहकाला पुरेसा धक्का बसला का? रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) सौंदर्यविचाराची लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशी दोन ध्रुवांतील मांडणी केली. ती पुढे ठेवून पाहिले तर या लेबलाचे दारिद्र्य पूर्णपणे उघडे पडते. लौकिकतावादी भूमिकेला जे नैतिक प्रश्न विचारावे लागतात, ते हे लेबल विचारीत नाही. अलौकिकतावादी भूमिकेला घाटाची जी स्वायत्तता मान्य करावी लागते, ती हे लेबल मान्य करीत नाही. दोन्ही ध्रुवांवरून पदच्युत होऊन ते केवळ बाजाराच्या मध्यभागी उभे राहते.

एमॉस व्होगेल यांनी न्यूयॉर्कमध्ये १९४७ ते १९६३ या काळात 'सिनेमा १६' ही सभासदांची चित्रसंस्था चालविली. सभासदत्वाच्या आधारे ती नियंत्रणाच्या कक्षेबाहेर राहू शकली, हे सर्वज्ञात आहे. त्याहून महत्त्वाचे हे की, तेथे चित्रपटांचा क्रम विचारपूर्वक लावलेला असे आणि प्रेक्षकाच्या हातात टिपणे असत. म्हणजे तो मंडप केवळ काळोखाचा नव्हता, ज्ञानाचाही होता. घरी काळोख आणता येत नसेल, तर निदान हे दुसरे अंग आणता येते. त्याकरिता विद्यापीठीय अभ्यासकाने काही साध्या गोष्टी केल्या तरी पुरे. आपण कोणती आवृत्ती पाहिली, ती कोणत्या प्रतीवरून सिद्ध झाली, कृतीचा शेजार कोणता, कोठे थांबविली आणि का थांबविली, याची नोंद त्याने लेखात करावी. पहिले दर्शन अखंड घ्यावे आणि थांबवून पाहणे दुसऱ्या दर्शनासाठी राखावे. आणि 'विचलित करणारे' हे विशेषण लिहिण्यापूर्वी कर्ता, कर्म आणि करण हे तिन्ही सांगावेत: कोणी, कोणाला, कशाच्या योगाने विचलित केले. ते सांगता आले तर विशेषणाची गरज उरणार नाही, आणि सांगता आले नाही तर ते वापरण्याचा अधिकारही उरणार नाही.